एकशे सत्त्याण्णवावी फेरी

३० मे १९६७. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तेहतीस गाड्या तीन-तीनच्या अकरा रांगांत उभ्या होत्या. त्यांतल्या बत्तीस गाड्यांची इंजिनं सुरू झाली, तेव्हा दरवर्षीप्रमाणे प्रेक्षकांच्या पायाखालची फळकुटं थरथरली. तेहतिसावी गाडी गरजलीच नाही. दुसऱ्या रांगेत बाहेरच्या बाजूला उभी असलेली, डोळ्यांत भरणाऱ्या शेंदरी-लाल रंगाची, ४० क्रमांकाची ती गाडी नुसती एक लांबलचक शीळ घालत होती. तिच्यात पिस्टन नव्हते, क्लच नव्हता, गिअर बदलायची दांडी नव्हती. चालकाच्या डाव्या अंगाला, त्याच्या खांद्याला खांदा लावून, विमानाच्या जातीचं टर्बाइन बसवलेलं होतं.

हिरवा झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर त्या गाडीने बाहेरच्या बाजूने इतरांना मागे टाकायला सुरुवात केली. मागच्या सरळ पट्ट्यावर पोहोचेपर्यंत ती सर्वांच्या पुढे होती. स्टिअरिंगमागे बसला होता पार्नेली जोन्स. दोनशे फेऱ्यांच्या त्या शर्यतीत १७१ फेऱ्यांमध्ये तो आघाडीवर राहिला, आणि तरीही शर्यत दुसऱ्याने जिंकली. शेवटच्या काही मिनिटांत गिअरबॉक्समधलं एक बॉल बेअरिंग गेलं. त्याची किंमत सहा डॉलर होती, असं तेव्हापासून सांगितलं जातं.

सहा डॉलरच्या बेअरिंगने हरवलेली गाडी, अशीच ही गोष्ट मोटारशर्यतींच्या जगात परत परत सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धी. ती गाडी दोनदा हरली. एकदा डांबरावर आणि एकदा कागदावर. पहिली हार खेळाचा भाग होती. दुसरी टाळता आली असती, आणि माझ्या मते तीच जास्त महाग पडली.

प्रयोगासाठी बांधलेला ट्रॅक

इंडियानापोलिसचा हा ट्रॅक १९०९ मध्ये कार्ल फिशर आणि त्याच्या तीन भागीदारांनी बांधला. त्या काळी इंडियाना राज्यात मोटारी बनवणारे कितीतरी कारखाने होते, पण बनवलेली गाडी पूर्ण वेगाने पळवून पाहायला धड रस्ता नव्हता. कारखानदारांनी इथे गाड्या आणाव्यात, पळवाव्यात, मोडाव्यात आणि शिकून परत जावं, हा फिशरचा हेतू होता. शर्यती हे त्या चाचणीचं जाहीर रूप. सुरुवातीचा खडी-डांबराचा पृष्ठभाग पहिल्याच शर्यतींत उखडला, माणसं दगावली, आणि मग त्याच वर्षी सुमारे ३२ लाख विटांनी सगळा ट्रॅक फरसबंद केला गेला. पुढे विटांवर टप्प्याटप्प्याने डांबर चढलं. आज प्रारंभरेषेवर वारभर रुंदीची विटांची पट्टी तेवढी उघडी आहे.

अडीच मैलांचा हा ट्रॅक आयताकृती, पण कोपरे गोलावलेला. लांब बाजू प्रत्येकी पाच-अष्टमांश मैलाच्या. चार वळणं, चारही डावीकडे, नऊ अंशांहून थोड्या जास्त उताराची. दोनशे फेऱ्या मारल्या की ५०० मैल होतात. गाड्या उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या. चाकांवर झाकण नसल्याने एका गाडीचं चाक दुसरीच्या चाकाला घासलं तर गाडी हवेत उडू शकते. ताशी दीडशे मैलांवर दोन गाड्यांमधलं अंतर कधी हातभर असतं, कधी वीतभर.

या ट्रॅकवर विचित्र गाड्या येणं ही जुनीच रीत. १९५२ मध्ये कमिन्स कंपनीने, म्हणजे जिने पुढे १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्करांबरोबर कारखाना उभारला त्याच कंपनीने, टर्बोचार्जर लावलेली डिझेल गाडी आणली आणि फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत तिला पहिली जागा मिळवून दिली. शर्यतीत टायरच्या रबराचा कचरा हवेच्या वाटेत अडकून ती बंद पडली. १९६१ मध्ये जॅक ब्रॅबहॅम इंजिन पाठीमागे असलेली छोटी कूपर घेऊन आला. ती नववी आली. चारच वर्षांनी जिम क्लार्कने पाठीमागे इंजिन असलेल्या लोटस-फोर्डमध्ये शर्यत जिंकली. तोवर १९४७ पासून सलग अठरा वर्षं ऑफेनहाउझर या एकाच चार सिलिंडरी इंजिनाच्या गाड्या जिंकत होत्या. ते राज्य संपलं आणि पुढे इंजिन ठेवणाऱ्या गाड्या पाहता पाहता गोदामात गेल्या. तेव्हा कुणी नियम बदलून ब्रॅबहॅमची वाट अडवली नव्हती. संघमालक चडफडले, पण घरी जाऊन नव्या गाड्या बांधायला लागले.

ग्रॅनटेली बंधू

टर्बाइनची गाडी आणणारा अँडी ग्रॅनटेली शिकागोच्या गरीब इटालियन वस्तीत वाढला. विन्स आणि ज्यो या भावांबरोबर त्याने गॅरेज काढलं, मोटारींचे वेग वाढवणारे सुटे भाग विकले आणि १९४६ मध्ये पहिल्यांदा इंडियानापोलिसला गाडी नेली. पुढे तो एस.टी.पी. या इंजिन तेलात मिसळण्याचं द्रव्य विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला आणि ते नाव त्याने अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवलं. जाहिरातीचं त्याचं वेड सर्वांना दिसत होतं. शर्यत जिंकण्याची भूक त्याहून जुनी होती.

मधली कित्येक वर्षं त्याने नोव्ही नावाच्या गाड्यांवर घालवली. सुपरचार्जर लावलेलं नोव्हीचं व्ही-आठ इंजिन किंचाळायचं. तो आवाज ऐकायला लोक तिकीट काढून यायचे. गाडी अफाट वेगवान होती, पण शर्यत पुरी करण्याच्या बाबतीत कमनशिबी. नोव्ही कधीच जिंकली नाही. ट्रॅकवरची सर्वांत कर्कश गाडी आणणारा हाच माणूस पुढे सर्वांत शांत गाडी घेऊन आला.

टर्बाइन ही त्याचीही मूळ कल्पना नव्हती. १९६२ मध्ये जॉन झिंकने बोइंगच्या टर्बाइनची गाडी आणली होती, पण ती शर्यतीपर्यंत पोहोचली नाही. १९६७ च्या गाडीची संकल्पना केन वॉलिस या तंत्रज्ञाची. ग्रॅनटेलीने ती उचलली आणि आपल्या पॅक्स्टन विभागाच्या सांता मोनिकामधल्या कार्यशाळेत गाडी बांधायला घेतली. १९६६ ची शर्यत गाठायची होती. ॲल्युमिनियमचा सांगाडा उष्णतेची प्रक्रिया देताना वाकला आणि ते वर्ष हुकलं.

शीळ घालणारं यंत्र

गाडीत बसवलेलं इंजिन प्रॅट अँड व्हिटनीच्या कॅनडातल्या शाखेचं. पी.टी.६ या विमानाच्या टर्बाइनवरून जमिनीवरच्या कामासाठी केलेला हा एस.टी.६ प्रकार, ताकद साधारण ५५० अश्वशक्ती. त्याचं काम समजायला दोन भिरभिरी समोरासमोर धरल्याची कल्पना करावी. पहिल्याने जोरात हवा फेकली की दुसरं फिरतं, त्यांना जोडणारा दांडा मात्र कुठेच नाही. इंजिनाचा एक भाग हवा आत ओढून दाबतो, त्यात इंधन जळतं, आणि तापून फुगलेला वायू दुसऱ्या, स्वतंत्र टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. चाकांना जोडलेलं असतं ते हे दुसरं टर्बाइन.

म्हणून क्लच लागत नाही. गाडी जागेवर उभी असली तरी पहिला भाग फिरत राहतो, त्यामुळे ब्रेकवरून पाय काढला की ती आपोआप पुढे सरकते. चाकं थांबलेली असतात तेव्हाच अशा टर्बाइनचा पीळ सर्वांत जास्त असतो. निघतानाचा हिसका विलक्षण असतो आणि तो सगळा गिअरबॉक्सच्या दातांवर आणि बेअरिंगांवर येतो. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर फिरते.

टर्बाइनचा मोठा दोष म्हणजे त्याला उशिरा जाग येते. पेडल दाबल्यावर ताकद चाकांपर्यंत यायला दोन-तीन सेकंद जातात, आणि पेडल सोडलं तरी गाडी लगेच हळू होत नाही. पिस्टन इंजिन जसं वेग रोखतं, तसा रोध इथे नाही. त्यामुळे गाडीच्या पाठीवर एक फळी बसवली होती. ब्रेक दाबला की ती वाऱ्यात उभी राहून गाडीला मागे खेचायची. जोन्सला उजव्या पायाचं सगळं शिक्षण नव्याने घ्यावं लागलं. वळण अजून पुरं व्हायचं असतानाच पेडल दाबायचं आणि वेग डाव्या पायाने ब्रेकवर धरून ठेवायचा, म्हणजे सरळ पट्टा सुरू होताना ताकद नेमकी हजर असते.

या गाडीचा खरा फायदा मात्र दुसरीकडे होता. फर्ग्युसन पद्धतीने ताकद चारही चाकांना दिली होती. इतर गाड्या वळणात ठरावीक रेषा धरून जायच्या. ती सुटली की चाकं घसरायची. जोन्सची गाडी रेषेच्या बाहेरून, वरून, कुठूनही जाऊ शकत होती. इंजिन डावीकडे आणि चालक उजवीकडे, मधे कण्यासारखा सांगाडा, या मांडणीमुळे वजनही आत राहायचं. टर्बाइनच्या नावाने ओरड झाली, पण वळणांमध्ये तिने जे कमावलं त्यात चार चाकांचा वाटा मोठा होता.

जोन्स हा काही प्रयोगासाठी मिळालेला नवशिका नव्हता. १९६२ मध्ये या ट्रॅकवर ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडणारा तो पहिला चालक. १९६३ ची शर्यत त्याने जिंकली, तीही तेल गळणाऱ्या गाडीतून, मागे जिम क्लार्क असताना. त्या तेलावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. १९६७ पर्यंत त्याने या शर्यतीतून जवळजवळ अंग काढून घेतलं होतं. ग्रॅनटेलीने एक लाख डॉलर देऊ केले, तेव्हा तो परत आला.

पात्रता फेरीत मारिओ अँड्रेटी ताशी १६८.९८२ मैलांनी पहिला आला. जोन्स १६६.०७५ मैलांनी सहावा. जोन्सने मुद्दाम वेग लपवला, असं प्रतिस्पर्धी उघड बोलू लागले.

दोन दिवसांची शर्यत

पहिल्या दिवशी अठरा फेऱ्या झाल्या आणि पाऊस आला. शर्यत थांबली. एका दिवशी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपण्याची या शर्यतीतली ही पहिलीच वेळ. ३१ मे रोजी गाड्या पुन्हा रांगेत लागल्या, पुन्हा जोन्स पुढे.

मग तासामागून तास बाकीच्यांची पडझड होत राहिली. जिम क्लार्क आणि ग्रॅहम हिल या दोघांच्या इंजिनांचे पिस्टन गेले. अँड्रेटीला क्लचने दगा दिला आणि नंतर चाकच निखळलं. डॅन गर्नीचं इंजिन गेलं, जॅकी स्ट्युअर्ट तिसऱ्या जागेवर असताना त्याचंही गेलं. जोन्सवरही एक प्रसंग आला. ली रॉय यारब्रोच्या गाडीच्या गोंधळात त्याची गाडी गिरकी घेऊन फिरली, पण भिंतीला न लागता सरळ झाली आणि तो पुन्हा पळू लागला. त्याला अडवणारं ट्रॅकवर कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या जागी ए. जे. फॉइट होता, बराच मागे.

१९६ फेऱ्या झाल्या. अजून चार फेऱ्या, दहा मैल, जेमतेम चार मिनिटं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, ग्रॅनटेली बंधू उभे होते. एकवीस वर्षांची वाट संपत आली होती.

१९७ व्या फेरीत गाडीची ताकद चाकांपर्यंत पोहोचेनाशी झाली. टर्बाइन ठणठणीत होतं, शीळ चालू होती. गिअरबॉक्समधलं बेअरिंग फुटलं होतं. उरलेल्या वेगावर गाडी तरंगत पिटच्या गल्लीत आली आणि थांबली. आधीच्या थांब्यानंतर पिटमधून निघताना जोन्सने गाडी जरा जोरात काढली म्हणून बेअरिंगवर ताण आला, असं पुढे बोललं गेलं. थांबलेल्या टर्बाइनचा पीळ किती असतो, ते पाहता ते अशक्य नाही. ५०० मैल पळणाऱ्या गाडीचा प्रत्येक भाग ५०० मैल टिकायला हवा, हा या शर्यतीचा पहिला आणि सर्वांत न्याय्य नियम. जोन्सची गाडी ४९० मैल टिकली.

फॉइटचं जिंकणं

या कथेत फॉइटवर नेहमी अन्याय होतो. जणू त्याच्या हातात विजय आयता पडला. टेक्ससच्या या माणसाने १९६१ आणि १९६४ मध्ये ही शर्यत जिंकली होती. १९६४ ची ती शर्यत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड यांच्या मृत्यूने काळवंडलेली. १९६७ ची त्याची कोयोटे गाडी त्याच्या स्वतःच्या संघाने बांधलेली होती. टर्बाइनला गाठता येत नाही हे कळल्यावर त्याने आपलं इंजिन पिळून काढलं नाही. अंतर ठेवून, गाडी सांभाळून तो दुसऱ्या जागी राहिला. समोरची गाडी टिकेल की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, आपली टिकवणं होतं, आणि त्याने ते केलं.

शेवटच्या फेरीची परीक्षा उरलीच होती. तो चौथ्या वळणातून बाहेर पडत असताना समोरच्या सरळ पट्ट्यावर अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. धूर, तुटलेली चाकं, आडव्या गाड्या. फॉइटने आधीच वेग कमी केलेला होता. त्या ढिगाऱ्यातून वाट काढत त्याने रेषा ओलांडली. पूर्ण ५०० मैल पळालेली गाडी त्या दिवशी एकच, त्याची. सरासरी ताशी १५१.२०७ मैल, त्या वेळचा विक्रम. जोन्सच्या खात्यात १९६ फेऱ्या आणि सहावा क्रमांक. पुढच्याच महिन्यात गर्नीबरोबर फॉइटने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यतही जिंकली.

कागदावरची शर्यत

शर्यत संपल्यावर काही आठवड्यांतच नियामक संस्थेने, म्हणजे यू.एस. ऑटो क्लबने, टर्बाइनचा नियम बदलला. पिस्टन इंजिनाचा आकार सिलिंडरांच्या घनफळावर मोजतात. टर्बाइनला सिलिंडरच नसल्याने त्याचं मोजमाप हवा आत येण्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरलं होतं. २३.९९९ चौरस इंच ही मर्यादा संस्थेनेच घातलेली आणि जोन्सची गाडी तिच्या आत बसणारी. ती मर्यादा एकदम १५.९९९ वर आणली गेली. इंजिनाला मिळणारी हवा एक तृतीयांशाने घटली.

दुसरी बाजू पोकळ नव्हती. बहुतेक संघांचा पैसा फोर्ड आणि ऑफेनहाउझरच्या इंजिनांत गुंतलेला. टर्बाइन हे विमान कंपनीच्या कारखान्यातलं इंजिन. छोट्या गॅरेजमध्ये ते उघडून त्याचा वेग वाढवणं शक्य नव्हतं. सगळ्यांनी तेच विकत घेतलं असतं, तर इंजिन घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांना काम उरलं नसतं. गाडीतून निघणाऱ्या गरम हवेच्या लाटांमुळे मागच्या चालकाला समोरचं हललेलं दिसतं, ही तक्रारही होती. आणि प्रेक्षकांचं काय? गर्जना ऐकायला येणाऱ्या लाखो लोकांना शांत गाड्या आवडतील का, ही चिंता खोटी नव्हती.

पण या सगळ्या चिंतांना उत्तर शोधायला वेळ हवा होता आणि तो दिला गेला नाही. एका शर्यतीचा अनुभव, एक गाडी, आणि तीही न जिंकलेली. हरलेल्या यंत्राला एवढी शिक्षा मिळावी हे मला आजही पटत नाही. त्या गाडीत टर्बाइनचा वाटा किती, चार चाकांचा किती, वजनाच्या मांडणीचा किती, याची वेगवेगळी मोजणी कुणी केलीच नाही. दोष टर्बाइनवर टाकणं सोपं होतं, कारण ते वेगळं दिसत होतं आणि वेगळं ऐकू येत होतं. ग्रॅनटेली न्यायालयात गेला. तिथेही तो हरला.

त्यानंतर

पुढच्या वर्षी त्याने लोटसच्या कॉलिन चॅपमनशी हातमिळवणी केली. लहान तोंडाचं तेच इंजिन, पण गाडी अगदी नवी, पुढून निमुळती आणि मागे चढत गेलेली, वाऱ्यालाच आपल्या पाठीवर दाबायला लावणारी लोटस ५६. त्या वसंतात दुःखं पाठोपाठ आली. ही गाडी चालवणार असलेला जिम क्लार्क ७ एप्रिलला जर्मनीत हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर मरण पावला. बरोबर एका महिन्याने, ७ मे रोजी, सरावात याच बनावटीची गाडी चालवताना माइक स्पेन्स गेला. तरीही ज्यो लिओनार्डने लोटस ५६ मधून पात्रता फेरीत ताशी १७१.५५९ मैलांनी पहिली जागा घेतली. शर्यत संपायला नऊ फेऱ्या असताना तो आघाडीवर होता. गाड्यांचा वेग रोखून धरणारा पिवळा दिवा विझून त्या पुन्हा वेग घेऊ लागल्या, आणि इंधनपंपाचा दांडा तुटून त्याचं टर्बाइन विझलं. संघातल्या आर्ट पोलार्डची गाडीही त्याच वेळी गेली. बॉबी अन्सर जिंकला, टर्बोचार्जर लावलेल्या ऑफेनहाउझरवर.

संस्थेने मर्यादा आणखी आवळली आणि पुढे चारही चाकांना ताकद देण्यावरही बंदी आली. इंडियानापोलिसमध्ये टर्बाइनचा अध्याय संपला, एकही विजय न मिळवता. ग्रॅनटेलीला १९६९ मध्ये विजय मिळाला. मारिओ अँड्रेटीने साध्या पिस्टन इंजिनाच्या गाडीतून तो आणला, आणि विजयमंडपात ग्रॅनटेलीने त्याच्या गालाचं घेतलेलं चुंबन अमेरिकेभर छापून आलं. जोन्स १९६७ नंतर या शर्यतीत चालक म्हणून कधी उतरला नाही, पण १९७० आणि १९७१ मध्ये अल अन्सरने जिंकलेल्या गाड्या त्याच्या संघाच्या होत्या. २०२४ मध्ये, नव्वदीत, तो गेला. ती लाल गाडी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.

इंजिनाचं पुढे काय झालं, हे सांगायलाच हवं. पी.टी.६ घराण्याची पन्नास हजारांहून अधिक इंजिनं आजवर बनली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून हवाई दलात गेलेली आपली मुलं दुंडिगलला ज्या पिलॅटस प्रशिक्षण विमानांवर उडायला शिकतात, त्यांच्या नाकातही याच घराण्याचं इंजिन असतं. नवख्या हातात देण्याइतकं ते भरवशाचं ठरलं. लोटस ५६ चा निमुळता आकार चॅपमनने आपल्या पुढच्या गाड्यांत नेला आणि जगभरच्या शर्यतींच्या गाड्या तशा दिसू लागल्या. कल्पना मेल्या नाहीत, दुसरीकडे जाऊन वाढल्या.

नुकसान झालं ते ट्रॅकचं. ज्या जागेने डिझेलला धावू दिलं, पाठीमागच्या इंजिनाला धावू दिलं, तिने या एका यंत्राला उत्तर म्हणून अधिक चांगली गाडी मागायला हवी होती. दोन-तीन वर्षं दिली असती, तर पिस्टनवाल्यांनी चार चाकांची ताकद आणि वाऱ्याचा दाब आपल्या गाड्यांत आणून टर्बाइनला गाठलं असतं. १९६८ मध्ये बॉबी अन्सर त्याच्या किती जवळ पोहोचला होता, ते सर्वांनी पाहिलं. किंवा टर्बाइनने खरोखरच जिंकून दाखवलं असतं. दोन्हींपैकी काहीही झालं असतं, तरी निकाल ट्रॅकवर लागला असता. जोन्सला हरवणाऱ्या बेअरिंगबद्दल मला तक्रार नाही. यंत्र मोडलं की हार मानायची, दुरुस्त करायचं आणि पुढच्या मे महिन्यात परत यायचं, एवढा साधा करार या शर्यतीने प्रत्येकाशी केलेला असतो. १९६७ मध्ये तो करार शर्यतीने पाळला, पण ती चालवणाऱ्यांनी मोडला.